खुब्याच्या वाटीतली वीण

"ही किसणी कशाची गं?" असं म्हणत आत्यानं त्या वाटीच्या पाठीवरून अंगठा हलकेच फिरवला. बाजारात किसणी घेताना दात नीट लागतात का ते बघतात, अगदी तसाच. ती किसणी नव्हती. खुब्याच्या सांध्यात बसवायची टिटॅनियमची वाटी होती, 52 मिलिमीटर व्यासाची. मापात न बसल्यामुळे बाद ठरलेली आणि धातूपरीक्षणाच्या माझ्या कामात नमुना म्हणून माझ्याकडे आलेली. आत्याच्या उजव्या खुब्यात अशीच एक वाटी आहे, आणि हे सांगितल्यावर तिनं हातातली वाटी पुन्हा उलटसुलट करून पाहिली. "एवढी खरखरीत? मग मला टोचत कशी नाही?"

"तुला ती लागतच नाही आत्या. हाडाला लागते. आणि हाडाला ती अशीच लागते."

आत्याचा अंगठा जिथं अडखळला, तिथंच या वस्तूचं सगळं मर्म आहे. पण त्याआधी हात दुसऱ्याच एका गोष्टीनं चकतो. धातू दिसला की हात नकळत वजनाच्या तयारीनं पुढे होतो, आणि ही वाटी उचलली की तो रिकामाच वर येतो. जेमतेम 50 ग्रॅम. पोलादाची असती तर पावणेदोन पट जड झाली असती. 6 टक्के ॲल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम घातलेला हा टिटॅनियमचा मिश्रधातू. कारखान्यात त्याला नुसतं 'सिक्स-फोर' म्हणतात. विमानाच्या इंजिनातही हाच असतो आणि माणसाच्या हाडातही हाच. शरीरासाठी वापरताना त्यातला ऑक्सिजन मात्र आणखी कमी, 0.13 टक्क्यांच्या आत ठेवतात.

वाटीची आतली बाजू आरशासारखी आहे. सीएनसीवर टर्निंग करून ती तशी आणली आहे, कारण तिथं पॉलिथिलीनचं अस्तर घट्ट बसायचं असतं आणि त्या अस्तरात मांडीच्या हाडावर बसवलेला गोळा वर्षानुवर्षं फिरायचा असतो. बाहेरच्या बाजूला कुठलंही टूल लागलेलं नाही. जन्मली तशीच ती ठेवली आहे. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर तांब्याच्या हंड्यावर मठारकाम करतो, तेव्हा हातोडीचे ठसे तो पुसत नाही. त्या ठशांनीच पत्रा कणखर होतो आणि त्यांनीच तो उजळतो. इथंही घडणीची खूण हीच वस्तूची ताकद आहे. एकाच वाटीला दोन पृष्ठभाग, एक गोळा सहज फिरावा म्हणून गुळगुळीत, दुसरा वाटीनं हाडात जागचं हलू नये म्हणून खरखरीत, आणि दोहोंमध्ये भिंत फक्त काही मिलिमीटरची. एवढ्याशा जागेत दोन परस्परविरुद्ध स्वभाव नांदवणं हे मला फार सुंदर वाटतं.

आता 10 पटींचं भिंग डोळ्याला लावा. खरखरीतपणा विरघळतो आणि त्याच्या जागी जाळी दिसू लागते. काड्या आणि घरं, घरं आणि काड्या. एका घरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात वाट आहे. घर 600 ते 700 मायक्रॉनचं, म्हणजे खसखशीचा दाणा तोंडाशीच अडकेल एवढं. या थरात धातूपेक्षा पोकळीच जास्त, 60 टक्क्यांहून अधिक. हे माप उगाच आलेलं नाही. घर फार लहान ठेवलं तर नव्या रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत, आणि रक्त नाही तिथं हाड वाढत नाही. फार मोठं ठेवलं तर वाढत्या हाडाला पलीकडचा काठ गाठायला वेळ लागतो. शिवाय भरीव सिक्स-फोर हाडापेक्षा कितीतरी ताठर असतो. सांध्यावरचा सगळा भार अशा ताठर धातूनं एकट्यानंच उचलला, तर शेजारच्या हाडाला काम उरत नाही आणि काम नसलेलं हाड विरत जातं. जाळी थोडी दबते, थोडी लवते, भार हाडाकडे सरकवते. धातूनं थोडं नमतं घ्यावं, म्हणून त्यात जागोजागी पोकळी ठेवली आहे. ज्यानं या पोकळीचं माप पहिल्यांदा ठरवलं, त्यानं धातूइतकाच हाडाचाही विचार केला होता.

भिंग तसंच ठेवून आता एखादी आडवी काडी शोधा आणि तिच्या पोटाकडे पाहा. तिथं बारीक गुठळ्या लोंबताना दिसतील, माठाच्या बुडाशी पाणी पाझरून थेंब धरावेत तशा. काडीच्या पाठीवर त्या नाहीत. असं का होतं? ही काडी वितळत होती तेव्हा तिच्याखाली घट्ट धातू नव्हता, सुटी भुकटी होती. वितळलेला धातू भुकटीत किंचित उतरला आणि तसाच गोठला. म्हणजे ही वाटी घडत असताना वर कोणती बाजू होती हे त्या गुठळ्या बघून आजही सांगता येतं. या जाळीच्या रचनाकाराला हा स्वभाव ठाऊक होता, म्हणून बहुतेक काड्या त्यानं तिरप्या ठेवल्या आहेत. सुमारे 45 अंशांपेक्षा उभी असलेली काडी आधाराशिवाय स्वतःच्या अंगावर चढत जाते. ज्या मोजक्या आडव्या आहेत, त्या आखूड आहेत. आधाराला एकही टेकू न देता उभं राहिलेलं हे काम बघताना दगडी कमानीची आठवण येते. तिथंही तोल कोनाच्या हिशेबातच असतो.

हाडानं टिटॅनियमला आपलं म्हणणं ही गोष्ट माणसाला तशी अपघातानंच कळली. 1952 साली स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह न्याहाळत होते. त्यासाठी बसवलेली टिटॅनियमची छोटी नळकांडी परत काढायला गेले, तर ती निघेनात. हाड त्यांना सांधलं होतं. 1965 मध्ये गोथेनबर्ग इथं त्यांनी याच गुणावर माणसाच्या जबड्यात दातांचे खुंट रोवले. त्याच गोथेनबर्गजवळ मोल्नदालला 1997 साली आर्काम ही कंपनी सुरू झाली, जिनं निर्वात पेटीत इलेक्ट्रॉनच्या झोतानं धातूची भुकटी वितळवून वस्तू घडवायचं यंत्र बाजारात आणलं. हाडाची मर्जी माणसाच्या कामी आली ते गाव आणि हाडाजोगा धातू विणणारं यंत्र घडलं ते गाव जवळजवळ एकच. आणि 2007 साली इटलीतले शल्यविशारद डॉ. गुइडो ग्रापियोलो यांनी अशी थर चढवून घडवलेली वाटी पहिल्यांदा रुग्णाच्या खुब्यात बसवली. ती वाटी लिमा या इटालियन कंपनीनं आर्कामच्या यंत्रावर घडवलेली होती.

खरखरीत पाठीच्या वाट्या त्याआधीही होत्याच. भरीव वाटी बनवून तिच्या पाठीवर धातूचे बारीक मणी भट्टीत चिकटवत, किंवा प्लाझ्माच्या ज्वाळेतून भुकटीचा फवारा मारत. त्यांनीही लाखो माणसं चालती केली, त्यांना कमी लेखायचं कारण नाही. पण तिथं वाटी एक आणि तिचा अंगरखा दुसरा. अंगरखा कितीही चांगला शिवला तरी शिवण राहते. या वाटीत भरीव आणि जाळीदार भाग एकाच कामात, एकाच थरात, एकाच झोतानं घडले आहेत. शिवण आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी वाटी कापावी लागते, आणि मी ती कापली आहे. त्याकडे शेवटी येते.

भुकटीशिवाय पुढे जाता येत नाही. काचेच्या बाटलीत ती राखाडी दिसते, शिशाच्या रंगाची. बाटली कलती केली की राजगिऱ्यासारखी ओघळते. गठ्ठा धरत नाही, बाटलीच्या अंगाला चिकटून राहत नाही. इलेक्ट्रॉनच्या यंत्रासाठी तिचे कण 45 ते 106 मायक्रॉनचे लागतात, साधारण माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपासचे. सूक्ष्मदर्शकाखाली ते जवळजवळ पूर्ण गोल असतात, कारण वितळलेला धातू वायूच्या झोतात उडवला की प्रत्येक थेंब गोठण्यापूर्वी स्वतःला गोल करून घेतो. काही मोठ्या गोळ्यांना एखादा छोटा गोळा चिकटलेला असतो, आईच्या कडेवर मूल बसावं तसा. अशी जोडपी फार झाली की भुकटी नीट वाहत नाही. म्हणून जाणता माणूस आधी भुकटीची वाहण्याची गती मोजतो, मग तिचा ऑक्सिजन आणि मग तिचं वय. हो, वय. न वितळलेली भुकटी पुन्हापुन्हा वापरतात, आणि प्रत्येक फेरीत ती किंचित ऑक्सिजन पिते. कुठली भुकटी किती फेऱ्या फिरली याची वही ठेवलेली असते. दळण कुठल्या गव्हाचं आहे हे ज्या घरात विचारलं जातं, त्याच घरची पोळी मऊ होते.

यंत्राच्या पेटीतली हवा काढून घेतात. एक दाते असलेली फळी भुकटीचा पातळ थर ओढते, या वाटीसाठी 50 मायक्रॉनचा. रांगोळीत आधी रेघ आणि मग रंग. इथं उलट आहे. आधी सगळं अंगण भुकटीनं भरून टाकायचं आणि मग त्यात रेघ ओढायची. पण लगेच नाही. इलेक्ट्रॉन म्हणजे विद्युतभार. मोकळ्या कणांवर तो एकदम ओतला तर कण एकमेकांना ढकलतात आणि सगळा थर ढगासारखा उसळतो. यंत्रावरची माणसं याला 'स्मोक' म्हणतात. तो झाला की काम थांबलंच. म्हणून आधी झोत पसरट करून संपूर्ण थरावरून झपाझप फिरवतात. थर सुमारे 700 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, खिडकीतून मंद तांबडा दिसतो, आणि शेजारशेजारचे कण एकमेकांना अगदी हलकेच धरतात. वितळत नाहीत, नुसते हात धरतात. मग त्यांच्यातून वीज वाहून जाते आणि कोणी उसळत नाही. चित्र काढण्याआधी कागद असा मायेनं तापवून घेण्याची ही पायरी बघणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटते, कारण तिच्यात काही घडताना दिसत नाही.

मग झोत बारीक होतो. 60 हजार व्होल्टनं ढकललेले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या 40 टक्क्यांहून अधिक वेगानं येतात आणि जिथं पडतात तिथं धातूचं टाचणीच्या डोक्याहून लहान डबकं होतं. या झोताला वळवायला आरसा लागत नाही. विद्युतचुंबकानं तो वळतो, आणि चुंबकाच्या इशाऱ्याला जडत्व नसतं. म्हणून वाटीचा काठ रेखताना झोत एक युक्ती करतो. तो एका ठिकाणी क्षणभर थांबतो, तिथं डबकं होतं. ते गोठायच्या आत तो दूर दुसरीकडे उडी मारतो, मग तिसरीकडे, चौथीकडे, आणि पहिलं डबकं थिजण्याच्या बेतात असताना परत येऊन त्याला थोडं पुढे सरकवतो. जलतरंगवाल्याच्या हातात काड्या दोनच असतात, पण सगळ्या वाट्या एकदम बोलत असल्यासारख्या वाटतात ना? तसंच. डोळ्याला एका वेळी कितीतरी ठिपके पेटलेले दिसतात; झोत मात्र एकच असतो. थर संपला की वस्तू ज्यावर घडते तो पाट 50 मायक्रॉन खाली जातो आणि फळी पुन्हा भुकटी ओढते. 26 मिलिमीटर उंचीच्या वाटीला असे 520 थर. 520 वेळा पसरणं, तापवणं, रेखणं, भरणं, आणि एकदाही हात हलला नाही.

काम संपल्यावर पेटीतून वाटी निघत नाही, ढेप निघते. हात धरलेल्या भुकटीची राखाडी ढेप, दिसायला थेट गुळाच्या ढेपेसारखी. आत वाट्या एकावर एक रचलेल्या. सभोवारच्या भुकटीनंच त्यांना सावरून धरलेलं असतं, म्हणून त्या अशा रचता येतात. ढेप फोडायला हवेच्या दाबानं मारा करतात, आणि मला या सगळ्या कामातली सर्वांत शहाणी गोष्ट हीच वाटते: मारा वाळूचा नसतो, काचेच्या मण्यांचाही नसतो. त्याच टिटॅनियमच्या भुकटीचा असतो. परकं काहीच नको. सुटलेले कण माऱ्याच्या भुकटीत मिसळले तरी बिघडत नाही, दोघं एकाच जातीचे. चाळून घेतले की पुढच्या फेरीला तयार. कणकेची लाटी पिठातच लाटावी, तसं.

याच मिश्रधातूची लेसरनं छापलेली भावंडंही माझ्याकडे येतात, कंस, पाती, बारीक नळ्या. त्यांचा जन्म वेगळा. तिथं निर्वात नाही, आरगॉन वायू आहे. पाट गरम नाही, जवळजवळ थंड आहे. भुकटी आणखी बारीक आहे. रेघ ओढली की क्षणात गोठते. त्यामुळे कडा रेखीव येतात, पण वस्तूच्या अंगात ताण साठून राहतो, रागावून गप्प बसलेल्या माणसासारखा. भट्टीत शेक देऊन तो निवळण्याआधी वस्तू पाटावरून कापली तर ती डोळ्यांदेखत वाकते. या लेसरकामातली एक गंमत मात्र कौतुकानं दाखवण्याजोगी आहे. वरचा थर भिंगाखाली धरला तर नांगरटीसारख्या समांतर रेघा दिसतात. त्याखालच्या थरात त्या रेघा फिरवलेल्या असतात, आणि पुष्कळदा हा फेर 67 अंशांचा असतो. 60 का नाही, 90 का नाही? 90 अंशांनी फिरवलं तर दर दुसऱ्या थराला रेघ पहिल्याच वाटेवर येते, 60 अंशांनी दर तिसऱ्या थराला. मग एकाच वाटेवर ताणही साचतो आणि चूकही. 67 चा आणि 180 चा 1 सोडून एकही सामाईक विभाजक नाही. त्यामुळे तीच दिशा परत यायला 180 थर जावे लागतात. 30 मायक्रॉनच्या थरानं हिशेब केला तर वस्तू तोवर 5.4 मिलिमीटर वाढलेली असते. एका साध्या मूळ संख्येनं धातूला चुकीची सवय लागू दिली नाही. लेसरच्या वस्तूवर आणखी एक नजर टाकावी ती रंगावर. चंदेरी उत्तम, गव्हाळ झाक चालते. निळं-जांभळं दिसलं की समजावं, आरगॉनच्या पहाऱ्यातून ऑक्सिजन आत शिरला होता.

भरीव भागात कधीकधी नको असलेली छिद्रं राहतात. काही गोल असतात, भुकटीच्या कणातच कोंडलेल्या वायूची. काही वेडीवाकडी, जिथं दोन रेघा एकमेकींपर्यंत पोचल्याच नाहीत. चाणाक्ष नजर छिद्राच्या आकारावरून दोष कुणाचा ते सांगते. भार सतत कमीजास्त होत असेल तर भेग अशाच ठिकाणी सुरू होते. म्हणून अनेक भाग एका दाबभट्टीतून काढतात: सुमारे 920 अंश, वातावरणाच्या हजारपट दाब, दोन तास. चारही बाजूंनी दाबलेला धातू आतली पोकळी मिटवतो आणि तिच्या दोन भिंती एकमेकींना सांधतात. आता जाळीची आठवण करा. तीही पोकळीच आहे, तीही याच भट्टीत जाते. मग ती का मिटत नाही? कारण जाळीची घरं बाहेरच्या हवेला उघडी आहेत. दाबाचा वायू त्यांच्यात मोकळेपणानं शिरतो आणि आतूनही तेवढाच रेटा देतो. बंद पोकळी मिटते, उघडी जशीच्या तशी राहते. कुणीही वेचून सांगितलेलं नसताना भट्टी नकोशी छिद्रं बुजवते आणि हवीशी राखते. इतका नाजूक विवेक इतक्या राक्षसी दाबातून साधला जातो, याचं मला दर वेळी नव्यानं नवल वाटतं.

आता वाटी कापते. वायरकटवर उभा छेद घेतला, छोटा तुकडा बेकलाइटमध्ये बसवला आणि पॉलिशला लागले. टिटॅनियम पॉलिशला सोपा नाही. तो घासला जाण्याऐवजी सारवल्यासारखा पसरतो आणि आपलीच खरी घडण झाकून टाकतो. शेवटची पायरी सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांच्या द्रवावर, घाई न करता करावी लागते. मग हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्लाचं पातळ द्रावण, काही सेकंदच. या द्रावणाला क्रोलचं नाव आहे. आणि खनिजापासून टिटॅनियम सुटा करण्याची जी रीत आज जगभर वापरतात, तिलाही क्रोलचंच; लक्झेंबर्गच्या विल्हेल्म क्रोल यांनी 1940 च्या सुमारास ती सिद्ध केली. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर ओल्या पायांना जी काळी वाळू चिकटते, तिच्यात इल्मेनाइट असतं, म्हणजे लोखंड आणि टिटॅनियमचं खनिज. टिटॅनियम ऑक्सिजनला इतका घट्ट धरून बसतो की लोखंडासारखा कोळशानं तो सुटत नाही. आधी क्लोरीनशी त्याचं नातं जोडायचं, मग मॅग्नेशियमनं तो क्लोरीन हिसकावून घ्यायचा, तेव्हा कुठं भोकाभोकांचा, स्पंजासारखा धातू हाती येतो. हे सगळं झाल्यावर, शेवटी माझ्या टेबलावर त्याचं अंतरंग उघडायलाही क्रोलच. धातूच्या जन्माला आणि त्याच्या परीक्षेला एकच नाव उभं आहे, हे मला शोभून दिसतं.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिली गोष्ट जाणवते ती ही की, थर दिसत नाहीत. 520 थरांची वस्तू, आणि आत एकही थर नाही. त्याऐवजी उभे, लांबोडे दाणे दिसतात, उसाच्या फडासारखे, खालून वर गेलेले. कारण असं: झोत नवा थर वितळवतो तेव्हा खालचाही थोडा पुन्हा वितळतो. गोठताना नव्या धातूचे अणू खालच्या दाण्याच्या मांडणीतच रांगेत उभे राहतात, नवी मांडणी करत नाहीत. उष्णता खाली ओढली जाते, दाणा वर वाढतो. एकेक दाणा कित्येक थर ओलांडून उंच गेलेला असतो आणि थराच्या हद्दीची त्यानं दखलही घेतलेली नसते. थर चढवणं ही नुसती करण्याची रीत होती, धातूनं ती विसरून टाकली. ओतकामात आणि घडाईत आधी धातू असतो आणि मग त्याला आकार मिळतो. इथं दोघंही एकाच क्षणी जन्मले, म्हणून आकार वाचायचा तर धातूची घडण वाचावी लागते आणि घडण वाचायची तर आकार.

आणखी मोठं करून पाहा. प्रत्येक उसाच्या आत आता वीण दिसते. सुमारे 995 अंशांच्या खाली उतरताना या धातूची अणुरचना बदलते आणि जुन्या दाण्याच्या पोटात नव्या पातळ पट्ट्या उगवतात, मायक्रॉनभर किंवा त्याहून कमी रुंदीच्या. कुठल्याही दिशेनं नाही. जुना दाणा त्यांना 12 च दिशा मोकळ्या ठेवतो. त्या 12 दिशांच्या पट्ट्या एकमेकींना छेदत, अडवत, वळसे देत जातात आणि बुरुडानं विणलेल्या टोपलीसारखी वीण तयार होते. टोपलीचा एखादा कामटा तुटला तर शेजारचे दोन त्याला धरून ठेवतात. इथंही भेग एका पट्टीतून निघाली की दुसरीला आडवी जाते आणि तिला वाट बदलावी लागते. गरम पाटावर सावकाश थंड झाल्यामुळे ही वीण अशी मोकळी पडली आहे. लेसरच्या थंड पाटावर झटक्यात गोठलेल्या भावंडात तिच्याऐवजी सुयाच सुया दिसतात, दाट आणि टोकदार. ताकद जास्त, पण लवणं कमी. दोन्ही सुंदर आहेत. हाडासाठी विचाराल तर मी टोपलीची निवड करीन.

मग आतल्या गुळगुळीत काठापासून मी तुकडा हळूहळू सरकवत बाहेर नेऊ लागले. भरीव भाग संपून जाळी सुरू होते तिथं मला शिवण शोधायची होती. एखादी काळी रेघ, एखादी बदललेली छटा. तुकडा दोनदा मागे-पुढे केला. दाणे काडीकडे येता येता अरुंद झाले, काडी लवकर निवली असल्यामुळे वीणही बारीक झाली, पण ती तुटली नाही. एका ठिकाणी भरीव भागात उगवलेला दाणा सरळ काडीच्या अंगात शिरला होता, ओढ्याचं पाणी पाटात शिरावं तसा. शिवण नव्हती.

काडीच्या अगदी बाहेरच्या काठाला भुकटीचा एक कण चिकटलेला सापडला. अर्धा वितळून काडीत मिसळला होता, आणि त्या अर्ध्यात शेजारचीच वीण उतरली होती. उरलेला अर्धा बाटलीत होता तसाच, गोल.